सोन्याचं घड्याळ, मिलचा भोंगा आणि राहिलेली ग्रॅच्युइटी

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जे दोनदा बोललं गेलं तेवढं काढलंय, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवलीय.)

आज माझ्यासमोर टेबलावर एक घड्याळ आहे. पातळ, गोल, सोनेरी, चावीचं. काटे बारीक, तबकडी एकेकाळी पांढरी असावी, आता सायीच्या रंगाची झालीय. पट्टा तुटलाय. कडेचा सोनेरी रंग चार ठिकाणी उडालाय, आणि खालचा पिवळट धातू दिसतो. हे माझ्या आबांचं, म्हणजे आजोबांचं घड्याळ. आमच्या घरात याला एकच नाव होतं: "मिलनं दिलेलं सोन्याचं घड्याळ".

या चार शब्दांतले दोन शब्द चुकीचे निघाले. कोणते, ते पुढे सांगतो. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास लागेल. नोकरीच्या शेवटी माणसाला घड्याळच का देतात? ते सोन्याचंच का? आणि आपल्याकडे, सोलापूर-तुळजापूर पट्ट्यात, हे कसं आलं?

गावापासूनच सुरुवात करू. तामलवाडी तुम्ही पाहिली असेल, निदान गाडीतून तरी. सोलापूरहून तुळजापूरला जाताना साधारण मधोमध लागते. हल्ली लोक टोल नाक्यामुळे ओळखतात. कोजागरीला मात्र हा रस्ता वेगळाच असतो. सोलापूरकडून लाखो माणसं भवानीला पायी निघतात, गाड्या बंद असतात, आणि रात्रभर पायांचा आवाज येत राहतो.

गाव धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात. पण पोटाचा रस्ता नेहमीच सोलापूरकडे. यात एक गंमत होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तामलवाडी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे गिरणीत कामाला जाणारा माणूस दुसऱ्या राज्यात जायचा. गावात 'हाली' म्हणजे निजामाचा रुपया, सोलापुरात 'कळदार'. साधारण सात हालींना सहा कळदार असा भाव. त्यामुळे गिरणीचा पगार गावात आला की थोडा फुगायचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडूनच नळदुर्गच्या दिशेने संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला.

आमचे आबा १९५० ला सोलापूरच्या एका गिरणीत लागले. गिरणीचं नाव मुद्दाम घेत नाही. पुढे जे सांगणार आहे ते एकाच गिरणीचं नाही, म्हणून नावाला महत्त्व नाही. लागले ते बदली कामगार म्हणून. म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घेणार, नसेल तर परत. पुढे कायम झाले. सांचा खात्यात, म्हणजे मागावर. ३४ वर्षं.

आता घड्याळाकडे वळू. किंबहुना, घड्याळाच्या आधी वेळेकडे.

वेळ कुणाची?

सोलापूरची पहिली मोठी कापड गिरणी १८७७ ची. लोक तिला नंतर 'जुनी मिल' म्हणू लागले. त्याआधी, १८६० मध्ये, रेल्वे सोलापूरला पोचली होती. रेल्वे आणि गिरणी, या दोन गोष्टींनी आपल्याकडे मिनिटाला किंमत आणली. त्याआधी शेतावरचा माणूस दिवस कासराभर वर आला, दिवेलागण झाली, अशा हिशोबाने चालायचा. गिरणीत भोंगा आला. भोंगा झाला की गेट बंद. पाच मिनिटं उशीर म्हणजे दिवस गेला.

शिवाय वेळ तरी एक होती का? नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबई शहर मुंबईच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. मग १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. कागदावर ही नुसती सोय. पण गिरणी कामगाराला काय दिसलं? कालपर्यंत ज्या उजेडात घर सोडायचो, त्याच्या पाऊण तास आधी आता अंधारात निघायचं. १९०६ च्या जानेवारीतच मुंबईच्या जेकब ससून मिलमध्ये हजारो कामगारांनी याविरुद्ध काम बंद केलं, दगडफेक झाली. मुंबई महापालिकेने तर जुनी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

म्हणजे बघा, घड्याळ ही वस्तू कामगाराच्या आयुष्यात भेट म्हणून आली नाही. आधी आली ती मालकाचं हत्यार म्हणून. गेटवरचं घड्याळ मालकाचं. त्याच्यात किती वाजले ते मालक ठरवणार.

ई. पी. थॉम्पसन नावाच्या इंग्रज इतिहासकाराचा १९६७ चा एक निबंध या विषयावर फार गाजला: वेळ, कामाची शिस्त आणि औद्योगिक भांडवलशाही. त्यात तो इंग्लंडच्या जुन्या गिरण्यांबद्दल सांगतो की काही मालक सकाळी घड्याळ पुढे करायचे आणि संध्याकाळी मागे. कामगाराने स्वतःचं घड्याळ बाळगलेलं त्यांना चालत नसे, कारण मग चोरी कळली असती. आणि हाच थॉम्पसन पुढे म्हणतो की पन्नास वर्षं या शिस्तीत राबल्यावर सुधारलेला मालक कामगाराला काय देतो? तर नाव कोरलेलं सोन्याचं घड्याळ. आयुष्यभर ज्याने हाकललं, तीच वस्तू शेवटी बक्षीस.

आपल्याकडे वेळेची लढाई नारायण मेघाजी लोखंड्यांनी सुरू केली. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाला ठरलेली वेळ, पगार वेळेवर. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आपण आज रविवारी उशिरा उठतो, ते त्यांच्यामुळे. पुढे १९२२ ला आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ ला ५४ आणि १९४६ ला ४८. आबा १९५० ला लागले तेव्हा ४८ तासांचा आठवडा होता. त्यांच्या आधीच्या पिढीने भांडून मिळवलेला.

सोन्याच्या घड्याळाची रीत

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, विसाव्या शतकात ही रीत एकदम पक्की झाली. २५ वर्षं झाली की घड्याळ, किंवा निवृत्तीला घड्याळ. बँका, रेल्वे, कारखाने, सगळीकडे. गॅरार्डसारख्या नामांकित जवाहिऱ्यांच्या नावाची ९ कॅरेटची घड्याळं यासाठी हजारोंनी गेली. दिसायला साधी: पातळ, गोल, काळ्या चामड्याच्या पट्ट्याची. सूट घालून समारंभाला जाताना घालायची. मागच्या झाकणावर नाव, वर्षं आणि कंपनी.

आता ९ कॅरेट म्हणजे काय? शंभरात साडेसदतीस भाग सोनं. आपला सोनार याला सोनं म्हणणारच नाही, पण ब्रिटनच्या कायद्याने १८५४ पासून ते सोनंच. अशा घड्याळाच्या डबीत आतून '३७५' चा शिक्का असतो. सोबत गावाची खूण: नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन. एक अक्षरही असतं, त्यावरून कुठल्या साली तपासलं ते कळतं. डबीत दहा ग्रॅम धातू असेल तर पावणेचार ग्रॅम शुद्ध सोनं. म्हणजे अडचणीत खरंच विकता येईल अशी वस्तू. हा मुद्दा लक्षात ठेवा.

हिंदुस्थानात चांगली घड्याळं स्वित्झर्लंडहून यायची. मुंबईत १८८६ पासून वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव होतं. त्यांच्या 'सोवार' या घड्याळाचं नावच आपल्या 'सवार' शब्दावरून. फौजेत, रेल्वेत ही घड्याळं दिसायची. साहेब लोक निवृत्त झाले की त्यांना घड्याळ मिळे. मागावरच्या माणसाला नाही.

मग स्वातंत्र्य आलं, आणि घड्याळाची गोष्ट बदलली.

१९६१ मध्ये बेंगळुरूत हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे आपली एचएमटी, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने मनगटी घड्याळं बनवायला लागली. 'सिटिझन' हे नावही बघा. १९२४ मध्ये टोकियोच्या महापौरांनी सुचवलेलं, की घड्याळ साध्या नागरिकाच्याही खिशाला परवडावं. आणि आपल्याकडे एचएमटीच्या सर्वांत गाजलेल्या घड्याळाचं नाव काय? 'जनता'. एकच विचार, दोन भाषांत. पुढे तुमकूर, श्रीनगर, रानीबाग इथे कारखाने निघाले. एचएमटीने आयुष्यात १० कोटींहून जास्त घड्याळं बनवली.

आणि त्यात सोनेरी घड्याळं होती. 'सोना' म्हणजे पातळ, चावीचं, समारंभाचं. 'कांचन' म्हणजे जावयाचं. ज्यांची लग्नं सत्तर-ऐंशीच्या दशकात झाली त्यांना विचारा, 'कांचन' मिळालं नाही म्हणून जावई रुसल्याच्या गोष्टी घराघरात आहेत. शाळेचे मास्तर, तलाठी, एसटीतले वाहक, बँकेतले शिपाई, साखर कारखान्याचे फिटर, कुणीही निवृत्त होवो, शाल, श्रीफळ आणि एचएमटीचं सोनेरी घड्याळ असा संचच ठरून गेला. संस्थेची पंचविशी असली तर तबकडीवर संस्थेचं चिन्ह छापून घड्याळं करून घेतली जायची.

पण ही घड्याळं सोन्याची होती का? 'सोना' नावाचं घड्याळ?

नाही. आणि याचं कारण सोनाराकडे नाही, दिल्लीत आहे.

सोनं कुठं गेलं?

१९६२ ला चीनशी युद्ध झालं. परकीय चलन आटलं होतं. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आदेश आणला. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा करायचा नाही! आपल्याकडच्या बायकांना १४ कॅरेट म्हणजे पितळच. गावोगावच्या सोनारांचं काम गेलं. पुढे १४ कॅरेटची अट सैल झाली, पण १९६८ ला पुरता सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला, आणि तो १९९० पर्यंत राहिला.

दुसरीकडे परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं. त्यामुळे तस्करी. ती किती, याचा पुरावा कायद्यातच सापडतो. १९६२ च्या कस्टम्स कायद्यात १२३ वं कलम आहे. साधारणपणे माल चोरटा आहे हे सरकारने सिद्ध करायचं असतं. या कलमात उलटं आहे: माल चोरटा नाही हे ज्याच्याकडे सापडला त्याने सिद्ध करायचं. आणि हे कुठल्या मालाला लागू? सोनं आणि घड्याळं, दोन्ही नावं त्या यादीत आहेत. सोन्याचं परदेशी घड्याळ म्हणजे दोन्हीकडून संशय!

मग सरकारी कारखान्यात तयार होणारं, बिनधास्त मनगटावर घालता येणारं 'सोन्याचं' घड्याळ कसं असणार? वरून मुलामा. खाली पितळ, मागचं झाकण स्टेनलेस स्टीलचं.

मुलाम्यात सोनं किती असतं, याचा एक अंदाजे हिशोब करू. घड्याळाच्या डबीचा बाहेरचा भाग साधारण दहा चौरस सेंटिमीटर धरा. त्यावर दहा मायक्रॉनचा थर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. गुणाकार केला तर सोनं भरतं ०.२ ग्रॅमच्याही आत. आणि दहा मायक्रॉन म्हणजे चांगला, जाड मुलामा. पातळ असेल तर आणखी कमी. तेही खरवडून निघत नाही. तुलना करा: ब्रिटिश कामगाराच्या ९ कॅरेटच्या डबीत पावणेचार ग्रॅम.

आता आमच्या घरची गोष्ट.

आबा १९८४ च्या डिसेंबरात निवृत्त झाले. गेटजवळ सत्कार झाला, हार घातला, घड्याळ मिळालं. घरी आल्यावर आजीने ते देव्हाऱ्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी सगळे तुळजापूरला जाऊन आले. ग्रॅच्युइटीचं काय? तर थोडी रक्कम मिळाली, "बाकीची हप्त्यानं देऊ" असं सांगितलं. हप्ते दोन आले. मग गिरणीच आजारी पडली.

१९८६ ला आत्याचं लग्न ठरलं. पैसे कमी पडले. आबा घड्याळ घेऊन सोनाराकडे गेले. सोनाराने कसोटीवर घासायचीही तसदी घेतली नाही. घड्याळ उलटं केलं, झाकण पाहिलं, परत दिलं. म्हणाला, "तात्या, हे सोनं न्हाई. मुलामा हाय. ठिवा तुमच्याकडंच, आठवण म्हणून."

हे मला वडिलांनी सांगितलं. ते सोबत होते. म्हणाले, "परत येताना आबा एसटीत काहीच बोलले न्हाईत. तामलवाडीला उतरल्यावर एवढंच म्हणले, घरी सांगू नको."

म्हणून घरात शेवटपर्यंत ते 'सोन्याचं'च राहिलं. तर हा पहिला चुकीचा शब्द.

भेट आणि हक्क

इथे जरा थांबू. आबांची खरी कमाई घड्याळ नव्हती. खरी कमाई होती ग्रॅच्युइटी. हा शब्द समजून घेऊ.

ग्रॅच्युइटी या इंग्रजी शब्दाच्या मुळात खुशी, कृपा असा अर्थ आहे. सरकारी मराठीत तिला 'उपदान' म्हणतात. त्यातही 'दान' आहेच. आणि सुरुवातीला ती तशीच होती. मालक खूश असेल तर देईल. पुढे संघटना भांडल्या, औद्योगिक न्यायालयांनी निवाडे दिले, आणि अखेर १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. पाच वर्षं सलग नोकरी झाली की हक्क. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांचीही अट नाही. दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे. कोर्टाच्या हुकुमाने कुणाला या रकमेवर जप्तीही आणता येत नाही.

हिशोब करून दाखवतो. समजा एखाद्याचा शेवटचा पगार महागाई भत्त्यासकट १,३०० रुपये, आणि नोकरी ३२ वर्षं. १,३०० ला २६ ने भागा: रोजचे ५० रुपये. गुणिले १५: ७५० रुपये. गुणिले ३२ वर्षं: २४,००० रुपये. तेव्हा मूळ कायद्यात २० महिन्यांच्या पगाराची मर्यादा होती, म्हणजे इथे २६,०००. तर रक्कम मर्यादेत बसते. चोवीस हजार! ऐंशीच्या दशकात खेड्यात या पैशात काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

म्हणजे एका हातात मुलाम्याचं घड्याळ, आणि दुसऱ्या हातात कायद्याने हक्काचे हजारो रुपये. पण समारंभ कशाचा झाला? घड्याळाचा. फोटो कशाचा निघाला? घड्याळाचा. हक्काच्या रकमेला हार कुणी घालत नाही. ती गुपचूप टेबलावरून यायची असते, आणि गुपचूपच राहूनही जाते.

कायद्यात पुढे सुधारणा झाल्या. १९८७ च्या दुरुस्तीने ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची, नाहीतर व्याज, असं आलं. आबा १९८४ चे. गिरणी बुडाली तर कामगाराचं काय, यासाठी १९८५ मध्ये कंपनी कायद्यात ५२९-अ कलम घातलं. त्याआधी गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांचा नंबर पहिला, कामगार मागे. या कलमाने कामगारांची देणी बँकांच्या बरोबरीने धरायची असं ठरलं. पण बरोबरीने कशातून? जे उरलंय त्यातून. जुने माग भंगारात, जागेचा वाद कोर्टात, आणि एकेक सुनावणी वर्षावर. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, अडीच लाख कामगार होते त्यात. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून गप्प झाल्या, त्याची गोष्ट कमी सांगितली जाते. भोंगा एके दिवशी वाजला नाही, एवढंच लोकांना आठवतं.

झाकणाच्या आत

आता दुसरा चुकीचा शब्द.

आबा २००४ मध्ये गेले. घड्याळ आजीच्या पेटीत गेलं. यंदा पेटी आवरताना ते माझ्या हातात आलं. मागच्या झाकणावर काळपट थर होता, घामाचा आणि धुळीचा. त्यात वरची ओळ तेवढी वाचता यायची: गिरणीचं नाव आणि 'सोलापूर'. म्हणून आम्ही सगळे म्हणायचो, मिलनं दिलं.

सोलापुरात एका जुन्या घड्याळजीकडे घेऊन गेलो. त्यांनी झाकण काढलं, साफ केलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. म्हणाले, "वाचा." गिरणीच्या नावाखाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ होती:

"सांचा खाते, दुसरी पाळी यांजकडून सप्रेम भेट."

मिलनं दिलं नव्हतं. मागावर शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांनी दिलं होतं.

आबांच्या खात्यातले एक जण अजून सोलापुरात आहेत. नव्वदीला टेकलेत, ऐकू कमी येतं, पण डोकं साफ आहे. त्यांना विचारलं. हसले. म्हणाले, "अरे, कंपनीकडून हार आणि नारळ. घड्याळ आमचंच. पगाराच्या दिवशी गेटवर टोपी फिरायची. कुणी दोन रुपये, कुणी पाच. जो जाईल त्याला घड्याळ, असं ठरलंच होतं आमचं. पण नाव मिलचं घालायचो वर. बरं दिसतंय ना गावाकडं."

बरं दिसतंय ना गावाकडं. म्हणजे काय झालं, तर दुसऱ्या पाळीच्या माणसांनी आपल्या पगारातून पैसे काढले, आणि मोठेपणा कंपनीला देऊन टाकला, का? तर सहकाऱ्याची गावात मान ताठ राहावी म्हणून. थॉम्पसनने लिहिलेलं सुधारलेल्या मालकाचं घड्याळ वेगळं आणि हे वेगळं, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. आपल्याकडे हे फक्त गिरणीतच नाही. झेडपीच्या शाळेत गुरुजी निवृत्त होतात तेव्हा घड्याळ किंवा अंगठी येते ती कुठून? गावाच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. देणारी संस्था म्हणून नाव कुणाचंही असो.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आणखी काहीतरी होतं. घड्याळजी लोकांची एक जुनी सवय असते. घड्याळ खोलून साफ केलं, तेल दिलं, की झाकणाच्या आत सुईने बारीक खूण करून ठेवायची: आपली खूण आणि तारीख. म्हणजे पुढच्या वेळी कळावं. ग्राहकाला ती कधी दिसत नाही. आबांच्या घड्याळात अशा पाच खुणा आहेत. ८७, ९१, ९४, ९९, २००३.

या तारखा मी परत परत पाहतोय. ८७, म्हणजे सोनाराने परत पाठवल्यावर पुढच्याच वर्षी. त्यानंतर गिरणी बंद. ९४, म्हणजे किल्लारीच्या भूकंपानंतरचं वर्ष. आमच्याही भिंतीला भेगा गेल्या होत्या आणि घरात पैशाची ओढाताण होती. तरी या माणसाने सोलापूरला जाऊन, सोनं नसलेल्या घड्याळाला पैसे देऊन तेल घालून आणलं. ग्रॅच्युइटीच्या कचेरीतले हेलपाटे त्यांनी नव्वदीच्या मध्यावर सोडून दिले होते. घड्याळजीकडचे सोडले नाहीत.

मला वाटतं आबांना दुसरी ओळ नेहमीच माहीत होती. त्यांच्यादेखतच तर दिलं होतं. घरात 'मिलनं दिलं' म्हणत राहिले, कारण दुसऱ्या पाळीने ठरवलंच तसं होतं.

तुमच्या घरच्या घड्याळासाठी

मंडळी, तुमच्याही घरात असं एखादं घड्याळ असेल. तर थोडं कामाचं सांगतो.

झाकण घरी सुरीने उघडू नका, चरे पडतात आणि कोरलेलं जातं. घड्याळजीकडे न्या, आणि त्याला आधीच सांगा की पॉलिश करायचं नाही. पॉलिशने मुलामाही जातो आणि अक्षरंही. आत '३७५', '५८५' किंवा '७५०' असा शिक्का असेल तर ९, १४ किंवा १८ कॅरेट सोनं असण्याची शक्यता आहे. पण शिक्का नुसता पाहून ठरवू नका, सोनाराकडून तपासून घ्या. 'रोल्ड गोल्ड', 'गोल्ड फिल्ड', 'मायक्रॉन' असे शब्द असतील किंवा मागे 'स्टेनलेस स्टील बॅक' असेल तर तो पत्रा किंवा मुलामा. आपला बीआयएसचा हॉलमार्क शोधू नका, सोन्यासाठी तो २००० सालापासूनचा आहे. बाहेरचं कोरलेलं आणि आतले चरे, दोन्हींचा तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा. आणि घरात कुणी ८५-९० वयाचं असेल तर आधी त्यांना विचारा. घड्याळ थांबून राहील, ती माणसं थांबणार नाहीत.

दुसरी गोष्ट. घरात कुणी निवृत्त होणार असेल तर सत्काराची तारीख विचारता तशी ग्रॅच्युइटीच्या अर्जाची तारीखही विचारा. अर्जाची पोच घ्या आणि नीट जपून ठेवा.

एचएमटीचा घड्याळाचा कारभार बंद करायला २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्याआधीच १९८७ पासून होसूरहून टायटनची बॅटरीची घड्याळं येऊ लागली होती, आणि चावीची पिढी मागे पडली होती. आता निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ देतात, नाहीतर गणपतीची मूर्ती.

आबांच्या घड्याळाला मी नवा पट्टा लावून घेतला. घड्याळजीने तेल दिलं, आणि मी न सांगताच झाकणाच्या आत सहावी खूण केली. चावी दिली की तीस-पस्तीस तास चालतं, दिवसाला तीन-चार मिनिटं मागे पडतं. वडिलांनी हातात घेऊन कानाला लावलं. मग दुसरी ओळ वाचली. बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत बसले. म्हणाले, "मग त्या दिवशी सोनाराकडं नेलं, ते त्यांना किती जड गेलं असंल."

एवढंच आज. तुमच्या घरच्या घड्याळामागे काय लिहिलंय ते पाहा, आणि सगळ्या ओळी वाचा.